अंदाजाचे नवे गणित

उद्याचा अंदाज बांधणे हे व्यापाराचे सर्वांत जुने शास्त्र होय. पाऊस लांबला तर कोणत्या मालाचा उठाव थांबेल, लग्नसराईसाठी कापड किती भरून ठेवावे, परगावी निघालेली गाडी वेळेवर पोहोचेल की नाही, हे सारे पेढीवर बसणाऱ्याला रोजच ठरवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम अनुभवी माणसाच्या नजरेवर सोपविलेले होते. गेल्या काही वर्षांत मात्र या कामात एक नवा भागीदार दाखल झाला आहे. त्याचे नाव न्यूरल नेटवर्क.

मोबाइलवरील नकाशा ‘४७ मिनिटे लागतील’ असे सांगतो, तेव्हा त्या आकड्यामागे हेच तंत्र उभे असते. आता हवामानाचे भाकीत, घरांच्या किमती आणि दुकानातील मालाची मागणी सांगण्यासाठीही त्याचा उपयोग होऊ लागला आहे. ज्या आकड्यावर माल आणि पैसा दोन्ही लावावयाचे, तो आकडा येतो कोठून आणि तो केव्हा दगा देतो, हे समजून घेणे म्हणूनच व्यापारी कुटुंबांच्या हिताचे आहे.

मुनीमजींची रोजची दुरुस्ती

न्यूरल नेटवर्क या शब्दाचा अर्थ चेतापेशींचे जाळे. मेंदूतील पेशींच्या कार्याचे गणिती रूप मांडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९४३ मध्ये केला. मेंदूशी असलेले हे साम्य तसे दूरचेच आहे. प्रत्यक्षात काय घडते, ते पेढीवरच्या उदाहरणाने अधिक लवकर ध्यानात येईल.

समजा, एखादे मुनीमजी रोज सकाळी त्या दिवसाच्या विक्रीचा अंदाज कागदावर लिहून ठेवतात. वार कोणता, महिन्याची तारीख कोणती, बाजाराचा दिवस आहे काय, पाऊस आहे काय, सण किती दिवसांवर आहे, अशा अनेक गोष्टी ते विचारात घेतात. प्रत्येक गोष्टीला त्यांच्या मनात कमीअधिक वजन असते. संध्याकाळी रोजमेळ मिळवताना खरी विक्री समोर येते. अंदाज चुकला असेल, तर कोणत्या गोष्टीला आपण जास्त वजन दिले आणि कोणत्या गोष्टीला कमी, हे पाहून ते मनातील वजने किंचित बदलतात. वीस वर्षे हे केल्यावर त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

न्यूरल नेटवर्क हेच करते. फरक इतकाच की, त्यातील वजने पाच-दहा नसून लाखोंच्या, कधी कोटींच्या घरात असतात आणि वीस वर्षांच्या नोंदी ते काही तासांत वा दिवसांत अनेकदा चाळून काढते. चूक मागे मागे नेऊन प्रत्येक वजनात किती दुरुस्ती करावयाची, हे ठरविण्याची रीत डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखातून सर्वदूर पोहोचविली. यातील हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत मिळाले.

या वर्णनातच यंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही आहेत. त्याचे सारे शहाणपण जुन्या वहीतून आलेले असते. वहीत जे कधी लिहिले गेले नाही, ते यंत्राला ठाऊक नसते.

रस्ता म्हणजे साखळी

रहदारीचे भाकीत वरवर सोपे वाटते. सकाळी नऊ वाजता कार्यालयांकडे जाणारे रस्ते भरतात आणि रात्री अकराला मोकळे होतात, हे कोणीही सांगेल. तथापि, केवळ अशा सरासरीवर विसंबले तर अंदाज ढोबळ राहतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याच्या महामार्गांवर बसविलेल्या २०७ संवेदकांच्या २०१२ मधील चार महिन्यांच्या नोंदी या विषयातील अभ्यासकांची जणू कसोटीची वही बनल्या आहेत. या नोंदींत दर पाच मिनिटांचा वेग नमूद आहे. निव्वळ पूर्वीच्या सरासरीवरून वेग सांगितला, तर अंदाज सरासरी ताशी ४.१६ मैलांनी चुकतो.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये एक निराळी रचना मांडली. एका ठिकाणची कोंडी तेथेच थांबत नाही. पाण्यात टाकलेला शाईचा थेंब जसा पसरतो, तशी ती जोडलेल्या रस्त्यांवर पसरत जाते. ही गोष्ट त्यांनी जाळ्याच्या रचनेतच गुंफली. कोणता संवेदक कोणत्या संवेदकाच्या पुढे आहे आणि रस्त्याने किती अंतरावर आहे, हे यंत्राला आधीच सांगितले गेले. परिणामी १५ मिनिटांनंतरच्या वेगाचा अंदाज सरासरी ताशी २.७७ मैलांनी चुकू लागला, ३० मिनिटांनंतरचा ३.१५ मैलांनी आणि ६० मिनिटांनंतरचा ३.६० मैलांनी.

हे आकडे व्यापाऱ्याने नीट पाहावेत असे आहेत. सरासरीपेक्षा यंत्र निश्चित सरस ठरले. पण भाकीत जितके दूरचे, तितकी चूक मोठी, हा नियम यंत्रालाही चुकला नाही. चांगल्या अंदाजालाही मुदत असते.

गुगलच्या नकाशात याच विचाराची मोठ्या प्रमाणावरील अंमलबजावणी दिसते. डीपमाइंड या संस्थेने गुगलसाठी केलेल्या कामाची माहिती सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी रस्त्यांचे लहान तुकडे पाडले आणि ज्यांची रहदारी एकमेकांत मिसळते असे लगतचे तुकडे एकत्र बांधून महाखंड तयार केले. काही महाखंडांत दोनच तुकडे, तर काहींत शंभराहून अधिक. प्रत्येक तुकडा ही जाळ्यातील एक गाठ आणि चौकात होणारी त्यांची भेट हा गाठींना जोडणारा धागा. गल्लीतील खोळंबा मुख्य रस्त्यावर कसा उतरतो, वळणापाशी वाहने किती मंदावतात, दोन प्रवाह मिसळताना किती वेळ जातो, हे यंत्र नोंदींवरून आपोआप शिकले.

गुगलच्या सांगण्याप्रमाणे त्यापूर्वीही ९७ टक्क्यांहून अधिक प्रवासांत पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज अचूक निघत होता. प्रश्न उरलेल्या प्रवासांचा होता. नव्या पद्धतीमुळे बर्लिन, जकार्ता, साओ पावलो, सिडनी, टोकियो आणि वॉशिंग्टन यांसारख्या शहरांत अंदाजाची अचूकता ५० टक्क्यांपर्यंत सुधारली, असे डीपमाइंडने जाहीर केले.

जुनी वही कुचकामी ठरली तेव्हा

हे काम आकाराला येत असतानाच २०२० चे वर्ष उजाडले. टाळेबंदी सुरू होताच जगभरातील रहदारी ५० टक्क्यांपर्यंत घटल्याचे गुगलला आढळले. सोमवारी सकाळी भरणारे रस्ते ओस पडले. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून शिकलेली वजने एकाएकी खोटी ठरू लागली, कारण ज्या जगाच्या त्या नोंदी होत्या ते जगच काही काळ नाहीसे झाले होते.

यावर योजलेला उपाय साधा होता. गेल्या दोन ते चार आठवड्यांच्या नोंदींना अधिक महत्त्व द्यावे आणि त्यापूर्वीच्या नोंदींचे महत्त्व कमी करावे, असा बदल यंत्रात करण्यात आला. म्हणजे वही तीच राहिली, पण तिची ताजी पाने आधी वाचावयाची असे ठरले.

या उपायालाही किंमत असते. केवळ ताज्या पानांवर विसंबणारा मुनीम वर्षातून एकदाच येणारा सण विसरतो, आणि केवळ जुन्या पानांवर विसंबणाऱ्याला बाजार बदलल्याचे उशिरा कळते. किती मागचे ध्यानात ठेवावे आणि किती विसरावे, हा भाकीत करणाऱ्या प्रत्येकापुढील मूळ प्रश्न आहे. परिस्थिती कोणत्या जातीची आहे हे ओळखून माणसाने तो निर्णय घ्यावयाचा असतो. टाळेबंदीत बदललेले जग ही तात्पुरती भरती आहे की पात्र बदललेली नदी, हे नोंदी अपुऱ्या असताना यंत्र सांगू शकत नव्हते.

भाकितामुळे बदलणारा रस्ता

रहदारीच्या भाकितात आणखी एक गुंता आहे. नकाशाला रस्ता दिसत नाही; त्याला दिसतात ते रस्त्यावरील मोबाइल. जर्मन कलावंत सायमन वेकर्ट याने एका छोट्या हातगाडीत ९९ मोबाइल भरले आणि ती गाडी बर्लिनच्या रस्त्यांवरून सावकाश ओढत नेली. मोकळा रस्ता नकाशावर लाल झाला. हा प्रयोग फेब्रुवारी २०२० मध्ये जगापुढे आला. यंत्राचे गणित बरोबर होते, पण ९९ मंद मोबाइल म्हणजे ९९ अडकलेली वाहने, हे त्याचे गृहीतच चुकले. आत जाणारी नोंद खोटी असेल, तर हिशोब कितीही काटेकोर असला तरी शिल्लक खोटीच निघते.

याहून गंभीर अनुभव न्यू जर्सीतील लिओनिया या छोट्या गावाला आला. न्यूयॉर्ककडे नेणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ हे गाव वसलेले आहे. महामार्ग तुंबला की मार्गदर्शक अॅप्स वाहनचालकांना गावातील गल्लीबोळांतून काढू लागली. प्रत्येक चालकाला दिलेला सल्ला त्याच्यापुरता योग्यच असे. परंतु तोच सल्ला शेकडो जणांना मिळाल्यावर घरांपुढील शांत रस्ते वाहनांनी भरून गेले. रहिवाशांना स्वतःच्या दारातून गाडी बाहेर काढणे कठीण झाले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्या वाहनांसाठी बंद केले.

सूर्यग्रहणाचे भाकीत केल्याने ग्रहण बदलत नाही. रहदारीचे भाकीत मात्र रहदारी बदलते, आणि बाजाराचे भाकीत बाजार बदलते. हळद महागणार असे सर्वांनाच एकाच वेळी कळले, तर सर्वच जण ती भरून ठेवतात आणि भाव तेथूनच बिघडतो. बाजार सांभाळलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

पावसाचा अंदाज

हवामानाच्या क्षेत्रात हे तंत्र अधिक जमिनीवर उभे आहे, कारण ढग कोणाचे भाकीत वाचत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध झाले. युरोपीय मध्यम मुदत हवामान केंद्राने जतन केलेल्या १९७९ ते २०१७ या ३९ वर्षांच्या नोंदींवर ते शिकले होते. पारंपरिक पद्धतीत वातावरणाची भौतिक समीकरणे महासंगणकावर सोडवावी लागतात. ग्राफकास्टने दहा दिवसांचे भाकीत एका विशेष संगणकावर एका मिनिटाच्या आत दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘ली’ हे चक्रीवादळ कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर आदळणार हे त्याने सुमारे नऊ दिवस आधी सांगितले. पारंपरिक भाकितांत ते सुमारे सहा दिवस आधी निश्चित झाले. युरोपीय केंद्राने स्वतःचे अशा प्रकारचे यंत्र फेब्रुवारी २०२५ पासून नित्य वापरात आणले आहे.

याच तंत्राचा उपयोग २०२५ च्या खरीप हंगामात भारतात झाला. मोसमी पाऊस आपल्या भागात केव्हा स्थिरावेल, याचा अंदाज केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेशाने पाठविला. संदेश पाच भाषांत होते आणि मराठी त्यांपैकी एक होती. गुगलचे ‘न्यूरलजीसीएम’ हे यंत्र, युरोपीय केंद्राचे यंत्र आणि भारतीय हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पर्जन्य नोंदी यांच्या मेळातून हा अंदाज तयार झाला होता.

ते वर्षही कसोटीचे निघाले. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. मुंबईच्या ज्ञात नोंदींत इतके लवकर आगमन पूर्वी झाले नव्हते. पाऊस आला असे समजून पेरणीची घाई व्हावी अशीच ती परिस्थिती होती. त्यानंतर मात्र त्याची उत्तरेकडील वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत खोळंबली. हा खंड नव्या अंदाजाने आधी टिपला होता. मध्य प्रदेश आणि बिहारमधील शेतकऱ्यांकडे नंतर दूरध्वनीवरून चौकशी करण्यात आली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी या संदेशानुसार मशागत, पेरणीची वेळ अथवा पीक यांबाबतचा आपला निर्णय बदलल्याचे सांगितले.

बियाणे, खते, कापड, भांडी आणि सराफी यांचा ग्रामीण बाजार पावसाच्या तारखेवर हलतो. दुबार पेरणी टळली तर शेतकऱ्याचे बियाणे वाचते आणि दुकानदाराची उधारी वेळेवर फिटते. नव्या तंत्राचा लाभ कोठे होतो, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय. यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा अंदाज संभाव्यतेच्या स्वरूपात मांडलेला होता. ‘अमुक तारखेस पाऊस येणार’ असे छातीठोक सांगण्याऐवजी शक्यता किती हे सांगितले, की निर्णय घेणाऱ्याला आपली जोखीम मोजता येते.

तीस कोटी डॉलरचा धडा

शक्यतेचा आकडा निश्चिततेसारखा वापरला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील झिलो या कंपनीने घालून दिले. घरांच्या किमतीचा अंदाज सांगणारी ही प्रसिद्ध कंपनी. २०१८ मध्ये तिने अंदाज सांगण्यापुढे पाऊल टाकले आणि स्वतः घरे विकत घेऊन, डागडुजी करून, विकण्याचा व्यवसाय आरंभिला. किती किमतीला घ्यावयाचे आणि काही महिन्यांनी ते किती किमतीला जाईल, हे ठरविताना संगणकीय प्रारूपांचा मोठा आधार घेतला जाई. २०२१ मध्ये तर कंपनीने आपल्या सार्वजनिक किंमत-अंदाजासाठी न्यूरल नेटवर्क स्वीकारले.

त्याच काळात महामारीमुळे अमेरिकेतील घरबाजार आधी उसळला आणि मग त्याची चढण मंदावली. जी घरे पुढेही महागतील असे मानून घेतली होती, ती घेतलेल्या किमतीलाही जाईनात. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीला हाती असलेल्या घरांचे मूल्य सुमारे ३० कोटी ४० लाख डॉलरनी खाली आणावे लागले. नोव्हेंबरमध्ये तिने हा व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले आणि सुमारे २५ टक्के कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. घरांच्या भावी किमतींतील अनिश्चितता अपेक्षेपेक्षा फारच अधिक निघाली, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखांनी दिली.

दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. नकाशाचा अंदाज चुकला तर प्रवासी दहा मिनिटे उशिरा पोहोचतो. झिलोचा अंदाज चुकला तेव्हा हजारो माणसांची रोजीरोटी गेली. दोन्हीकडचे गणित एकाच कुळातले. फरक त्यावर लावलेल्या रकमेचा होता. अंदाज किती चांगला आहे यापेक्षा तो चुकल्यास काय पणाला लागते, हा प्रश्न अधिक मोठा आहे, आणि तो यंत्राला विचारता येत नाही.

गादीवर बसणाऱ्याचे चार प्रश्न

मागणीचा अंदाज सांगणारी सॉफ्टवेअर आता मोठ्या कंपन्यांपुरती राहिलेली नाहीत. कोणता माल किती मागवावा हे सुचविणाऱ्या सोयी लहान दुकानांच्या हिशोबप्रणालीतही येत आहेत. घरातील तरुण पिढी त्या उत्साहाने स्वीकारते आणि वडीलधारी मंडळी साशंक असतात. दोघांनीही एकत्र बसून चार प्रश्न विचारले, तर उत्साह आणि शंका दोन्ही कामी येतील.

पहिला प्रश्न, हे यंत्र कोणत्या वहीवर शिकले? महानगरातील मोठ्या दालनांच्या विक्रीवर शिकलेले यंत्र तालुक्याच्या बाजारपेठेला लागू पडेलच असे नाही. दुसरा, अंदाज किती पुढचा आहे? पुढील आठवड्याच्या मागणीवर जितका विश्वास ठेवावा, तितका सहा महिन्यांनंतरच्या मागणीवर ठेवू नये. तिसरा, आजवर तो किती वेळा आणि किती अंतराने चुकला? ज्याच्या चुकांची नोंद ठेवलेली नाही, त्याच्या यशाच्या दाव्याला अर्थ नाही. यंत्राचा अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी शेजारी लिहिणारी एक साधी वही सहा महिने ठेवली, तरी पुरेसा उलगडा होतो. चौथा प्रश्न, तो सपशेल चुकला तर पेढी उभी राहील काय? उत्तर नकारार्थी असेल, तर रक्कम आधी कमी करावी आणि यंत्राचे कौतुक मागाहून करावे.

यंत्राजवळ लाखो नोंदींची स्मृती आहे. ती कोणाही माणसापाशी नाही. मात्र शेजारच्या गावात नवा कारखाना उभा राहत आहे, जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी अडचण आहे, बाजारात कुजबुज निराळी आहे, या गोष्टी वहीत उतरण्यापूर्वी माणसालाच कळतात. वहीतील आकडे यंत्राने वाचावेत, वहीबाहेरचे जग माणसाने वाचावे आणि नफा-तोट्याची जबाबदारी ज्याची, अखेरचा शब्दही त्याचाच असावा. अशा वाटणीने काम केले, तर हा नवा भागीदार पेढीला लाभदायक ठरेल.